उलट्या लेन्समधला किडा

बायकोने चष्मेवाल्यांना सांगितलेलं काम अगदी सरळ होतं. जॅमच्या बरणीचा एक फोटो काढायचा. बरणी दिसली पाहिजे, आतला संत्र्याचा जॅम दिसला पाहिजे, झाकण वाकडं दिसता कामा नये. बस्स. कुणाही शहाण्या माणसाने चहा गार व्हायच्या आत उरकलं असतं. पण आमचे चष्मेवाले शहाणे कमी आणि हौशी जास्त. हौशी माणसाला सोपं काम सांगितलं की तो आधी ते अवघड करून घेतो आणि मग त्याच्यामागे हात धुऊन लागतो.

चष्मेवाले म्हणजे चष्म्याच्या दुकानात डोळे तपासून काचा बसवून देणारे गृहस्थ. आख्खी गल्ली त्यांना याच नावाने ओळखायची, आणि घरातही खरं नाव कुणाच्या तोंडात नव्हतं. दुकानात येणारं निम्मं गिऱ्हाईक नंबर वाढला म्हणून घाबरून यायचं. चष्मेवाले त्यांचा चष्मा काढून घेत, मऊ कापडाने दोन्ही काचा पुसत आणि परत नाकावर ठेवत. नंबर जागच्या जागी उतरायचा. लोकांना आपल्या काचेवरची घाण दिसत नाही हो, असं ते घरी येऊन रोज सांगत, आणि घरचे रोज ऐकून घेत.

त्यांच्याकडे एक जुना कॅमेरा होता आणि त्याला एकच लेन्स. कपाटात पडून होता बिचारा. बायकोने फोटोचं काढलं तेव्हा तो बाहेर आला, आणि नेमका त्याच दिवशी चष्मेवाल्यांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं की हीच साधी लेन्स कॅमेऱ्यावरून काढून उलटी धरली, म्हणजे पुढचं तोंड कॅमेऱ्याकडे आणि मागचं तोंड वस्तूकडे, तर मुंगी म्हशीएवढी दिसते. जवळून फोटो काढायची खास लेन्स घ्यायची तर खिसा फाटतो. इथे नुसतं उलटं धरायचं. फुकट आणि अवघड या दोन गोष्टी एकत्र आल्या की चष्मेवाल्यांना राहवतच नाही.

आता बायकोचं सांगायला हवं, नाहीतर पुढच्या प्रकाराची धग तुम्हाला लागायची नाही. ती बरीच वर्षं एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराची प्रमुख होती. दारात उभं राहून तिला पलीकडच्या पातेल्यातला केस दिसायचा. हाताखालच्या बायका तिला मागून ‘दुर्बीण’ म्हणायच्या, आणि दुर्बीण येताना दिसली की सगळ्यांचे हात आपोआप नळाखाली जायचे. मग हॉस्पिटलने ते काम बाहेरच्या ठेकेदाराला दिलं आणि दुर्बीण घरी बसली. आधी तिने घरातले डबे आवरले, मग आवरलेले डबे पुन्हा आवरले. नवऱ्याच्या मोज्यांना तिने काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत रंगांप्रमाणे लावलं, तेव्हा सगळ्यांच्याच लक्षात आलं की हे काही खरं नाही.

जॅम तिने असाच एकदा वेळ जावा म्हणून केला. पण जमला असा, की सासूबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, चमचा बाजूला ठेवून बोटाने बरणी पुसून खाल्ली. शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाहवा झाली आणि शेवटी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाईंपर्यंत एक बरणी पोचली. या बाई म्हणजे भलत्या कडक. बाहेरचा माल दुकानात ठेवत नसत. त्यांनी जॅम चाखला, बरणी उन्हात धरून पाहिली, झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि दाराजवळची एक आख्खी फळी द्यायचं कबूल केलं. फळीच्या वर टांगायला बरणीचा एक फोटो तेवढा आणा, म्हणाल्या. त्या दिवशी बायको घरी आली ती वेगळीच. तिच्या लेखी ती नुसती फळी नव्हती. आपण अजून कामाच्या आहोत, हे तिथे चारचौघांत मांडलं जाणार होतं.

आणि त्या फळीवर टांगायचा फोटो अशा माणसाकडे सोपवलेला होता.

पहिल्या दिवशी चष्मेवाल्यांनी लेन्स हाताने उलटी धरून मिठाचा फोटो घेतला. मिठाचे दाणे फोडलेल्या काचेच्या शिळांसारखे दिसले आणि माणूस हुरळला तो हुरळलाच. मग ब्रेड झाला, टोमॅटो झाला, दुधावरची साय झाली. उलट्या लेन्सची गंमत अशी, की फोकस करायची सोयच उरत नाही. वस्तू लेन्सपासून चार बोटांवर हवी आणि आपणच मागेपुढे डोलायचं. डोलता डोलता क्षणभर सगळं स्पष्ट दिसतं, तेवढ्यात बटण दाबायचं. श्वास घेतला की गेलं. चष्मेवाले श्वास रोखून, लाल होऊन, उकडलेल्या बटाट्यासमोर डोलत असताना समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि मिस्टरांना काही होतंय का, असं फोन करून विचारलं. सासूबाईंनी फोनवर शांतपणे सांगितलं, की नाही, त्यांचं नेहमीचंच आहे.

जेवणाचं टेबल गेलं ते गेलंच. तिघंही ताट मांडीवर घेऊन जेवायला लागली, आणि तेही गार. कारण वाफ लेन्सवर धरते म्हणून वाफ जाईपर्यंत कुणी ताटाला हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला होता. लेन्स चिकटपट्टीने कॅमेऱ्याला लावलेली. ती दर थोड्या वेळाने सुटायची, एकदा थेट दह्यात पडली. मग स्वयंपाकघरातला पंचा घ्यायचा, लेन्स पुसायची, कॅमेऱ्याचं उघडं तोंड पुसायचं आणि पुन्हा पट्टी. हे सगळं साखर-पिठाच्या धुरळ्यात चाललेलं.

संध्याकाळी टीव्हीवर प्रदर्शन भरायचं. एकेक फोटो लागायचा आणि हे काय आहे ते ओळखा, असा आग्रह. स्ट्रॉबेरी लागली तेव्हा सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या की हे तर आमच्या ह्यांचं नाक. साय लागली तेव्हा आपल्या बाथरूमचं छत आता रंगवायला हवं, म्हणाल्या. बायको मात्र रोज एकच विचारायची: बरणीचा फोटो कधी? उद्या, असं चष्मेवाले सांगत. बरणीचा फोटो काय कुणीही काढेल, आपण जॅमच्या आतला फोटो देऊ, संत्र्याच्या सालीतला एकेक थेंब दाखवू, बेकरीवाल्या बाईंचे डोळे पांढरे होतील. ते तर झालेच, पण त्यांचे नाही.

माल पोचवायच्या आदल्या दिवशी एकदाची जॅमची पाळी आली. चष्मेवाल्यांनी त्याच सकाळी नवं ज्ञान मिळवलं होतं: लेन्सवरची कडी फिरवून आतलं भोक अगदी बारीक करून टाकलं, तर जास्त भाग स्पष्ट येतो. त्यांनी कडी फिरवली, दिवा जवळ ओढला, श्वास रोखला, डोलले, आणि फोटो टीव्हीवर लावला.

खरंच देखणा होता हो. नारिंगी रंगात सोनेरी रेषा, सालीचे कण पारदर्शक झालेले. आणि उजव्या अंगाला, वरच्या बाजूला, एक काळा ठिपका. ठिपक्याला एक वळलेलं शेपूट.

इथे चष्मेवाल्यांनी तोंड मिटून ठेवलं असतं तर ही गोष्टच घडली नसती. पण त्यांना पहिल्यांदा भीती वाटली नाही, अभिमान वाटला. केवढं बारीक टिपलंय बघा, म्हणून त्यांनी सगळ्यांना हाका मारल्या. बायको हात पुसत आली, टीव्हीसमोर उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तेव्हा कुठे यांची ट्यूब पेटली.

तिने विचारलं, हे काय आहे. चष्मेवाल्यांनी जाणकाराच्या थाटात सांगितलं की किडा असावा. साखरेतून आला असेल, साध्या डोळ्यांना दिसणं कठीण, उलट्या लेन्सचा हाच तर फायदा. तिने दुसरी बरणी आणली. तिच्यातही तसलाच निघाला. तिसरीत होता, चौथीत होता. तिने चमच्याने थेंब थेंब काढून बशीत पसरून पाहिला, तिला काही दिसलं नाही. पण टीव्हीवर होता, आणि नवरा डोळ्यांच्या धंद्यातला.

मग तिने सगळ्या बरण्या उघडल्या आणि एकेक करून कचऱ्याच्या पिशवीत रिकाम्या केल्या. आठवडाभराचं काम ते. सासूबाई म्हणाल्या की अगं, उकळलेला किडा काय चावतोय? त्यावर तिने आईकडे असं पाहिलं की त्या आपल्या खोलीत निघून गेल्या. पिशवी जड झाली होती. ती चष्मेवाल्यांनीच उचलून बाहेर नेऊन टाकली. त्यानंतर बायको तशीच उठून बेकरीत गेली आणि बाईंना तिने स्वतः सांगितलं: जॅममध्ये किडा निघाला, मी माल देऊ शकत नाही. बाई ‘ठीक आहे’ म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना चष्मेवाल्यांनी पाहिलं, त्या फळीवर पावाच्या लाद्या मांडलेल्या होत्या. घरी त्यांनी हे सांगितलं नाही.

त्यानंतर घराला जी कळा आली ती विचारू नका. बायकोने भांडी उकळली, डबे उकळले, साखर तीनतीनदा चाळली. चाळलेली साखर उजेडात धरून बसायची. भाजीची पानं पुसायची. जॅमचं नाव काढलं तर उठून जायची. आणि एका दुपारी ती चष्म्याच्या दुकानात आली. बायको म्हणून नव्हे. इतर गिऱ्हाइकांबरोबर बाकावर बसली आणि नंबर आल्यावर खुर्चीत येऊन बसली. डोळे तपासून द्या, म्हणाली.

चष्मेवाल्यांनी तपासले. तिने तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ धडाधड वाचली, आणि तिच्याही खाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. डोळ्यांत काही दोष नाही, असं त्यांनी सांगितलं. तिला बरं वाटेल अशी त्यांची समजूत.

“मग मला दिसलं कसं नाही?” तिने विचारलं.

कठीण असतं गं ते दिसणं, असं ते पुटपुटले. कठीण म्हणजे अशक्य नव्हे, ती म्हणाली, आणि पर्स उचलून निघून गेली. त्या दिवशी चष्मेवाल्यांनी दोन गिऱ्हाइकांना एकमेकांचे चष्मे दिले.

उलटी लेन्स त्यांनी कानाला खडा लावून कपाटात टाकली होती. ती बाहेर काढायला लावली सासूबाईंनी. त्यांच्या कानातल्या फुलाचा खडा सोनाराने दुरुस्तीत बदलला, असा त्यांना जुना संशय होता, आणि आता घरात एवढं यंत्र आहेच तर सोक्षमोक्ष लावावा असं त्यांच्या मनाने घेतलं. लेक आत स्वयंपाकघरात होती. जावयाला पर्याय नव्हता. सासूबाई खिडकीशी मान वाकडी करून बसल्या, जावईबापू त्यांच्या कानाशी श्वास रोखून डोलले, आणि फोटो टीव्हीवर लावला.

खडा तोच होता. शेजारी, उजव्या अंगाला, वरच्या बाजूला, शेपूट वळवून किडाही तोच होता.

“जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या, “माझ्या कानात किडा आहे आणि तुम्ही नुसते बघत काय बसलाय?”

चष्मेवाल्यांनी मिठाचा फोटो घेतला. मिठात किडा. आपल्या तळहाताचा घेतला, तिथे किडा. पांढऱ्या भिंतीचा घेतला, तर भिंतीवर तो इतका ऐसपैस बसलेला की फ्रेम करून लावावा. मग त्यांनी लेन्स काढली, दिवा तिरका धरला आणि कॅमेऱ्याच्या उघड्या तोंडात डोकावलं. आत, जिथे चित्र उमटतं त्या काचेवर, पंच्याचा एक बारीकसा धागा चिकटला होता. भोक मोठं असताना तो पुसट होऊन दिसेनासा व्हायचा. भोक बारीक केल्यावर त्याची सावली स्पष्ट उमटायला लागली. जॅम स्वच्छ होता. सगळाच्या सगळा स्वच्छ होता. दिवसभर लोकांच्या काचा पुसून त्यांना शहाणपण शिकवणाऱ्या माणसाने स्वतःच्या काचेवरची घाण बायकोच्या पातेल्यात दाखवली होती.

मग त्यांच्या मनात एक विचार आला. रबरी फुग्याने हवा मारायची, धागा उडेल. ती पुन्हा जॅम करील, आपण पुन्हा फोटो काढू, किडा नाही. चाळणीने काम केलं म्हणून ती खूश, आपली अब्रू शाबूत. कुणाला कळणार आहे? त्यांनी मान वर केली तर सासूबाई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. भिंतीवरचा किडा त्यांनीही पाहिला होता, आणि त्या काही दूधखुळ्या नव्हत्या.

“सांगायचं तर आहेच,” त्या खाली आवाजात म्हणाल्या. “पण आधी जेवून घ्या. नंतर मिळेल असं वाटत नाही.”

सल्ला अनुभवाचा होता, पण चष्मेवाल्यांनी तो मानला नाही. ते तसेच आत गेले. बायको रिकाम्या बरण्या उकळत होती. त्यांत भरायला काही नव्हतं, तरी उकळत होती. ते बघितलं आणि चष्मेवाल्यांना कळलं की फुग्याने हवा मारून हे भागणार नाही. चाळून चाळून ती साखर स्वच्छ करील, पण स्वतःवर बसलेला डाग तिच्याने निघायचा नाही, कारण तो तिथे नाहीच हे तिला कुणी सांगितलेलं नाही. त्यांनी सांगून टाकलं. भिंतीचा फोटो दाखवला, कानाचा दाखवला, धागा दाखवला. तिने सगळं नीट पाहिलं. गॅस बंद केला.

“म्हणजे जॅम चांगला होता?”

हो.

“सगळ्या बरण्या?”

सगळ्या.

ती स्टुलावर बसली आणि एप्रनमध्ये तोंड खुपसून रडायला लागली. चष्मेवाल्यांना वाटलं, गेलेल्या मालासाठी रडते आहे. त्यांनी कधी नव्हे तो तिच्या पाठीवर हात ठेवला.

“मला वाटलं, माझं संपलं,” ती एप्रनमधूनच म्हणाली. “इतकी वर्षं एवढ्या आजाऱ्यांना जेवू घातलं, आणि आता घरच्या पातेल्यातलं दिसेना. रोज वाटायचं, तेव्हाही कधी असंच सुटलं असेल का.”

चष्मेवाल्यांना एवढं ठाऊक नव्हतं. त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी हात काढून घेतला, आणि मग तसाच पुन्हा ठेवला.

मग तिने नाक पुसलं, डोळे पुसले, आणि जी सुरुवात केली ती इथे सगळी सांगण्यासारखी नाही. गावाच्या काचा पुसता, त्यात एक आपली पुसायला काय झालं होतं, हा त्यातला सगळ्यात सौम्य भाग. टेबलाचा उद्धार झाला, गार जेवणांचा झाला, दह्याचा झाला. सासूबाई आपल्या खोलीतून बाहेर आल्याच नाहीत. शेवटी बायकोने कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि पायात चपला सरकवल्या. बेकरीत चलायचं आणि तिथे तोंड उघडायचं ते तुम्ही, म्हणाली.

बेकरीवाल्या बाई कोपरापर्यंत पिठात होत्या. चष्मेवाल्यांनी लेन्स म्हणजे काय इथपासून प्रस्तावना सुरू केली. बाईंनी ती अर्ध्यावर तोडली आणि आपल्या दुकानाच्या भिंतीचा फोटो काढायला लावला. किडा हजर. बाईंनी भिंत पाहिली, फोटो पाहिला, चष्मेवाल्यांना आपादमस्तक पाहिलं. मग त्या बायकोकडे वळल्या.

“म्हणजे तुम्ही चांगला जॅम फेकून दिलात.”

बायकोच्या आधी चष्मेवालेच बोलले: हो, चूक माझी, तिने उगाच फेकला, माझं ऐकून फेकला. बायकोने हात वर करून त्यांना थांबवलं.

“उगाच नाही,” ती बाईंना म्हणाली. “मी बरोबरच केलं. तेव्हा माझ्या मनात शंका होती. शंका असताना तुमच्या फळीवर बरण्या मांडल्या असत्या, आणि पुढे जॅम चांगला निघाला असता, तरी मी तो त्यात किडा आहे असं समजूनच लोकांना विकला असता.”

बाईंनी एप्रनला हात पुसले. दाराजवळच्या फळीपाशी गेल्या आणि तिच्यावरच्या पावाच्या लाद्या एकेक करून उचलायला लागल्या. ठेवायला जागा नव्हती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पहिली लादी चष्मेवाल्यांच्या हातात दिली, मग दुसरी, मग तिसरी. चष्मेवाले हात पसरून उभे राहिले, फळी मोकळी होईपर्यंत.